भिलाईत नाक शोधताना

पेणचा मूर्तिकार भाद्रपदाच्या तोंडावर पेण सोडून कुठं जात नाही. त्या दिवसांत आमच्या आळीत पाय ठेवायला जागा नसते. ओट्यावर, माळ्यावर, खाटेखाली, जिथं बघावं तिथं गणपती वाळत असतात आणि घरातल्या प्रत्येकाचे हात कोपरापर्यंत मातीत किंवा रंगात असतात. अशा वेळी मी भिलाईला गेलो, याला कारण गावंडे.

गावंडे रेल्वेत गार्ड. मूळचे नागपूरकडचे, नोकरी दुर्गच्या लायनीवर. तिथल्या मराठी मंडळासाठी ते दरवर्षी स्वतः पेणेला येऊन मूर्ती नेत आणि दरवर्षी वाटेत काहीतरी मोडे. एकदा सोंड मोडली, एकदा उंदीर. गेल्या वर्षी दुर्गला खोका उघडला तर आत नुसती माती निघाली, तीही चांगली चाळलेली. यंदा त्यांनी माझ्या थोरल्या भावाला सांगितलं, "मूर्ती नका देऊ, मूर्तिकारच द्या. मानूस मोडत नाई." भावानं कारखान्यात नजर फिरवली. डोळ्यांची आखणी तो स्वतः करतो, रंगकाम धाकटा करतो. मी साच्यात माती भरतो. सगळे माझ्याकडे बघू लागले.

गाडीतलं काही सांगत नाही. वडिलांच्या हातचा साचा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलेल्या माणसाला खिडकीतून काही दिसत नाही.

दुर्ग

स्टेशनवर गावंडे माझ्याआधी गोधडीपाशी गेले. साचा शाबूत आहे हे चाचपून पाहिलं आणि मग मला म्हणाले, "मले वाटलं तुमीबी फुटूनच येता का काय."

दुर्गपासून भिलाईपर्यंत जमीन अशी सपाट की कोकणातल्या माणसाला चुकल्यासारखं होतं. डोंगर नाही म्हणजे नजर कुठं टेकवायची ते कळत नाही. हिरव्यागार भातखाचरांच्या पलीकडे एकदम धुराडी, क्रेन आणि लोखंडी सांगाडे उभे. पोलादाची पहिली भट्टी पेटलेली होती, बाकीचा कारखाना अजून उभा राहत होता. रस्ते लाल मुरमाचे. त्यावरून सकाळच्या भोंग्याला सायकलींचा पूर लोटायचा, आणि त्या पुरात ऐकू येत नाही अशी भाषा हिंदुस्थानात नसावी.

गावंडेवहिनींनी पहिल्या दिवशी वडाभात केला. भातावर डाळीचे वडे कुस्करून त्यावर हिंग-मिरचीचं कडकडीत तेल. मी दोन घास खाल्ले आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. वहिनींना वाटलं मला आवडलं नाही. खरं तर तिखटानं मला ऐकूच येत नव्हतं. नारळाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नारळ भेटते न. पन तो फोडाचा असते, भाजीत कोन टाकते?"

गणपती ठरल्याप्रमाणे झाला. साचा होता, शाडू आणला होता, चूक होण्याचं कारण नव्हतं. आखणी मात्र मलाच करावी लागली आणि डावा डोळा किंचित वर गेला. गावंड्यांनी लांबून, जवळून पाहिलं. "राहू द्या. सिग्नल पाहून राहिला."

मूर्ती वाळत होती तेव्हाच एक माणूस रोज संध्याकाळी दारात येऊन उभा राहू लागला. उंच, काटक, खाकी पँटीवर ग्रीसचे डाग. आत या म्हटलं तर म्हणे, "इथूनच बरं हाय. मी मूर्ती पाहाले नाई येत. तुमचे हात पाहाले येतो."

हे गजभिये. कारखान्यात अवजड लोखंड दोरखंडांनी वर चढवायचं काम करत. गावंड्यांचे जुने सोबती, भंडाऱ्याकडचे. त्यांच्या घरानं नागपूरला दीक्षा घेतली होती आणि घरातले देव सोडले होते. मूर्ती पुरी झाली त्या दिवशी ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "आमचा विहार हाय कॅम्पात. तथी एक बुद्ध पाहिजे होता. कराल का?"

मी हो म्हणालो. मातीचं काम विचारल्यावर नाही म्हणायची आम्हा पेणकरांना सवय नाही.

मंडळाच्या एका वडीलधाऱ्यांना हे कळल्यावर त्यांनी गावंड्यांना बाजूला घेतलं. आपल्या गणपतीचा मूर्तिकार तिकडे कसा जातो, असं काहीसं बोलणं झालं. गावंडे शांतपणे म्हणाले, "आपला गनपती झाला न? आता त्याचे हात त्याचे हायत."

कॅम्प-१

कॅम्प म्हणजे घरांना घरं चिकटलेली वस्ती. पत्रा, माती, फळ्या, जे मिळेल त्याची भिंत. विहार म्हणजे एक पत्र्याची खोली. आत भिंतीवर बुद्धाचं चित्र होतं, पण ओलीनं त्याचा चेहरा गेला होता, डोक्यामागचा प्रकाश तेवढा उरला होता. भाद्रपदी पौर्णिमेला मूर्ती बसवायची असं त्यांचं ठरलं.

गजभियांच्या आईनं मला चहा दिला आणि समोर बसून माझं परीक्षण केलं. म्हातारी लहानखुरी, बोलायला सरळ.

"आजवर काय काय बनवलं?"

"गणपती."

"आनखी?"

"गणपतीच."

"मंग सवयीनं चार हात नको करजा," त्या म्हणाल्या.

परत येताना गजभियांच्या सायकलच्या कॅरियरवर बसल्या बसल्या दोन गोष्टी एकदम माझ्या लक्षात आल्या. एक म्हणजे बुद्धाचा साचा माझ्याकडे नव्हता. साच्याशिवाय मी आयुष्यात काही केलं नव्हतं. दुसरी त्याहून वाईट. आमच्या धंद्यात चूक झाली तर फार तर दहा दिवस दिसते, मग पाण्यात जाते. ही मूर्ती विसर्जन व्हायची नव्हती. ती तिथंच राहणार, लोक तिच्यासमोर रोज बसणार, आणि मी जे काही चुकवीन ते त्यांच्या नातवंडांना दिसणार.

चतुर्थीला गणपती बसला आणि दुसऱ्या दिवशी मी विहाराच्या पडवीत उरलेला शाडू घेऊन बसलो. मांडी जमली, खांदे जमले. मग नाक करायला घेतलं. दोन डोळ्यांच्या मधून माती खाली ओढली आणि हात थांबेना. तो आपला खालीच निघाला. भानावर आलो तेव्हा नाक हनुवटीच्या खाली पोचलं होतं आणि डावीकडे वळायच्या बेतात होतं. पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच. इतकी वर्षं सोंडेवर गेलेल्या हाताला माणसाचं नाक कुठं संपतं हेच माहीत नव्हतं.

गजभिये पाळीवरून आले. बराच वेळ बघून अदबीनं म्हणाले, "जरा लांब झालं का?"

रसमडा

शाडू टिकाऊ मूर्तीला चालणार नव्हता. भाजलेली मूर्ती हवी, आणि भाजण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून गजभिये मला रसमड्याला घेऊन गेले. तिथं शिवनाथ नदीच्या बाजूला सुकवाराबाई नावाची कुंभारीण राहायची. पोळ्याचे मातीचे बैल नुकतेच विकून झाले होते. उरलेले दोन-चार, पायांना चाकं लावलेले, अंगणात उभे होते. आमच्याकडे पोळ्याचं एवढं नाही, आणि बैलाला चाकं लावायचं तर कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. मी एकाला ढकलून पाहिला. तो कोंबडीच्या मागं लागला.

सुकवाराबाईनं विचारलं, "का बनाबे?" काय बनवणार?

मी सांगितलं, बुद्धाची मूर्ती.

"ओकर कतका हाथ?" किती हात?

"दोन."

"त सरल हे," ती म्हणाली. मग सोपं आहे.

माती तिनं दिली. आम्ही मातीत कापूस कुटून घालतो, तशी मी घालायला निघालो तर ती हसत सुटली. "रुई त मुरदा के नाक मा डारथें." कापूस मेलेल्याच्या नाकात घालतात. ती भाताचा कोंडा मिसळायची. मी मुकाट्यानं कोंडा घेतला. उलट मी मातीचा गोळा दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आतून पातळ करत नेला तेव्हा तिनं चाक थांबवलं आणि मला तेच पुन्हा करायला लावलं. मग स्वतः करून पाहिलं. दुपारपर्यंत तिच्या अंगणात एक सुटलेल्या पोटाचा, चाकांवरचा बैल तयार झाला होता, आणि त्याच्या चेहऱ्यात काहीतरी पेणचं होतं.

जेवायला तिनं फरा दिला. तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वळ्या. तोंडात घातल्याबरोबर मला घरची आठवण झाली. हे उकडीचे मोदकच होते, फक्त कुणीतरी सारण भरायचं आणि कळ्या पाडायचं विसरलं होतं. मी तिला हातानं कळ्या पाडून दाखवल्या. तिनं ते लक्ष देऊन पाहिलं आणि विचारलं, खायचंच आहे तर एवढं सजवता कशाला? मी कळ्या पाडलेला फरा उचलून खाऊन टाकला.

मी एक मुंडकं करून तिच्या भट्टीत, म्हणजे तिच्या भाषेत आव्यात, भाजून पाहिलं. गवऱ्या, लाकडं, वर पेंढा आणि राख. उघडलं तेव्हा मुंडकं छान लाल झालं होतं आणि नाक शेजारच्या मडक्यात पडलं होतं.

गेंदासाहेब

ते बिननाकाचं मुंडकं घेऊन आम्ही कॅम्पात परतत होतो तेव्हा वाटेत गजभियांचे रशियन साहेब भेटले. भट्टीच्या आतून आगविटांचा थर बसवायचा असतो, त्यावर हे देखरेख करायचे. नाव गेन्नादी. कामगारांनी त्याचं गेंदासाहेब करून टाकलं होतं. गेंदा म्हणजे झेंडू हे त्यांना कळलं होतं आणि त्यात त्यांना आनंद होता. हिंदी थोडी यायची, पण त्यातला एक शब्द ते फार वापरत.

मुंडकं हातात घेऊन ते म्हणाले, "नाक नहीं. क्यों?"

फुटलं, असं सांगितलं.

"क्यों?"

गजभिये म्हणाले, गरम होऊन फुटलं.

"सब गरम. नाक फुटा. क्यों?"

मग त्यांनी स्वतःच तुटलेली कड नखानं खरवडली, नाकाशी नेली, आणि त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी ते मोडक्या विटांच्या ढिगातले चार तुकडे घेऊन विहारापाशी हजर. ते कुटून बारीक करायचे आणि मातीत मिसळायचे, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. एकदा भाजलेली माती पुन्हा आकसत नाही, म्हणून जाड भाग तडकत नाही. एवढं समजावल्यावर ते थेट रसमड्यालाच निघाले. आवा बघायचाच होता त्यांना. तिथं राखेत हात घालून पाहिला, पेंढा मोजून पाहिला, धूर कुठून निघतो ते वाकून पाहिलं, आणि प्रत्येक गोष्टीला क्यों. शेवटी सुकवाराबाईनं मला हळूच विचारलं, "ए रूसी के घर मा काम-बूता नइ हे का?"

असं माझ्या मातीत भंडाऱ्याच्या माणसाची मेहनत, छत्तीसगडचा कोंडा आणि रशियनानं सुचवलेला विटांचा चुरा जमा झाला. पेणचा कापूसही मी थोडा घातलाच, सुकवाराबाईची पाठ वळल्यावर.

नाकाचं मात्र अडलेलंच होतं.

बाजार

मी कॅम्पाच्या बाजारात जाऊन नाकं बघू लागलो. एवढी विविध नाकं एका जागी पेणेत जन्मात दिसली नसती. मासळी घासाघीस करून घेणारे बंगाली, तेलुगू गवंडी, केरळचे कारकून, बिहारचे हमाल, भाजी घेऊन बसलेल्या गावच्या बायका. नाकाला नुसतं लांब-आखूड म्हणून भागत नाही हे मला तिथं कळलं. काही नाकं बोलण्याआधी पुढं येतात, काही बोलणं संपलं तरी हलत नाहीत. हसताना काहींची रुंद होतात, काहींची खाली येतात. मी मातीचा गोळा पिशवीत ठेवून आत हात घालून चालता चालता आकार देत होतो.

एका शीख ट्रकवाल्यासमोर मी जरा जास्तच थांबलो.

"क्या देख रहा है, भाई?"

"नाक," मी खरं ते सांगितलं.

त्यानं घाईघाईनं रुमाल काढून नाक पुसलं आणि माझे आभार मानले.

संध्याकाळी पडवीत माझ्यासमोर एका फळीवर सात-आठ नाकं ओळीनं वाळत होती. गेंदासाहेब शेजारी बसले.

"बुद्ध, तुम देखा?"

"नाही."

"तो नाक कैसे पता?"

"शोधतोय," मी म्हणालो.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गणपती, हाथी का नाक. हाथी देखा?"

मी हो म्हणणार होतो. लहानपणी एकदा सर्कशीत हत्ती पाहिला होता, पण मूर्ती करायची म्हणून कधी नाही. माझी सोंड हत्तीवरून आलेली नव्हती, वडिलांच्या साच्यातून आली होती. वडिलांची त्यांच्या वडिलांच्या साच्यातून. कुठंतरी मागं आमच्या घराण्यातल्या एकानं खरा हत्ती निरखून पाहिला असेल, त्यानंतर कुणालाच तशी गरज वाटली नव्हती. हे मला भिलाईला, झेंडू नावाच्या माणसाकडून कळावं याची गंमत वाटली आणि थोडं वाईटही वाटलं.

गजभिये आत बुद्धाचं चरित्र वाचत बसले होते. ते म्हणाले, "त्याच्या बापाचं नाव शुद्धोदन. ओदन म्हंजे भात. भातवाल्याइचं घर होतं ते. आमच्या भंडाऱ्यासारखं."

मी मान वळवली. दारात गजभियांची आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. पापण्या खाली, पाठ ताठ, बोटं आपोआप चाललेली. खडा सापडला की ओठाचा कोपरा जरासा हलायचा, जणू त्या खड्यालाही ती ओळखत होती. नाक रुंद, बसकं, श्वासाबरोबर हळूच फुलणारं. मी रोज तिच्या हातचा चहा पीत होतो आणि नाकं बघायला बाजारात जात होतो.

मी उठलो. माती घेतली. या वेळी हात जिथं थांबायला हवा तिथं थांबला.

आवा

मूर्ती आव्यात ठेवली त्या दिवशी सकाळी ऊन होतं. दुपारी पेंढा पेटला, पांढरा धूर निघू लागला, आणि शिवनाथच्या पलीकडून आभाळ काळं होत आलं. सुकवाराबाई म्हणाली, आता पाणी आत गेलं तर मूर्ती काय, सोबत भाजायला लावलेले दिवाळीचे दिवेही गेले. गजभियांनी छपरावरचे दोन पत्रे खाली ओढले. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी, तिसऱ्याला सुकवाराबाई, आणि चौथ्याला कामावरून धावत आलेले गेंदासाहेब. पाऊस पत्र्यावर इतका जोरात वाजत होता की बोलणं शक्य नव्हतं. आमचे हात भरून आले. धूर डोळ्यांत जात होता. गेंदासाहेब काहीतरी ओरडले.

"क्या?" गजभियांनी विचारलं.

"बारिश में आग," ते म्हणाले. "क्यों?"

हसता हसता सुकवाराबाईच्या हातून पत्रा सुटायला आला, म्हणून तिला तो जास्तच घट्ट धरावा लागला.

पाऊस थांबेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. दुसऱ्या दिवशी राख बाजूला केली. बुद्ध तांबूस भाजून निघाला होता. एका खांद्यावर धुराचा काळा पट्टा उमटला होता, पण तो चिवराच्या घडीसारखाच दिसत होता. नाक जागेवर होतं. मी ते तीन वेळा हलवून पाहिलं.

पौर्णिमा

आदल्या दिवशी मंडळाचा गणपती शिवनाथेत गेला. गावंडे पाण्यात कमरेइतके उभे राहून रडले. ते दरवर्षी रडतात असं वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तेच गावंडे वहिनींना घेऊन कॅम्पात आले आणि विहारात मागं बसले.

मूर्ती ठेवली. गजभियांनी वंदना म्हटली, सगळ्यांनी हात जोडले. मी दाराजवळ उभा होतो, पळायला सोपं जावं म्हणून. वंदना संपल्यावर लोक उठून जवळून बघू लागले. कुणी म्हणालं, चांगला झाला. कुणी म्हणालं, हे तोंड कुठंतरी पाहिलंय. दोन-चार जणांनी मूर्तीकडे पाहिलं, मग गजभियांच्या आईकडे, मग जमिनीकडे.

म्हातारी उठून मूर्तीपाशी गेली. बोटानं नाकाला हात लावला. मग आपल्या नाकाला.

"बसकं हाय," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

"कोनाचं घेतलं?"

"भातवाल्याचं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं आता काढून घेऊन जा म्हणतील. "लहानपनी मले याच नाकावरून चिडवत जाय," त्या म्हणाल्या. "आता चिडवा म्हना." आणि पदर नीट करून पुन्हा जागेवर जाऊन बसल्या, मूर्तीच्या अगदी समोर. त्या दिवशीचं जेवण त्यांनी मला स्वतः वाढलं. भात त्यांच्या गावचा होता. तिखट गावंड्यांच्या घरच्यापेक्षाही जास्त होतं, आणि मी सगळं खाल्लं.

पेण

परत आल्यावर भावानं पहिलं विचारलं ते साचा आणला का. आणला होता. पण त्या वर्षापासून साच्यातून काढलेल्या मूर्तीला मी हात लावल्याशिवाय सोडत नाही. कधी गालाला, कधी पापणीला, कधी सोंडेच्या उगमाला. पनवेलला सर्कस आली तेव्हा मी तंबूमागं जाऊन हत्तीसमोर अख्खी सकाळ बसलो. माहुताला वाटलं मला हत्ती विकत घ्यायचाय.

गेल्या भाद्रपदात आमचं एक जुनं गिऱ्हाईक मूर्ती न्यायला आलं. अलिबागचे गृहस्थ, दरवर्षीचे. मूर्तीकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यंदा हा आपल्याकडचा वाटत नाही हो. कुणीतरी बाहेरगावचा दिसतो."

भाऊ माझ्याकडे रागानं बघू लागला.

"पाहुणाच आहे तो," मी म्हणालो. "बाहेरगावचाच असायचा."

गृहस्थांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग मूर्तीवर रुमाल टाकला, दोन्ही हातांनी उचलली आणि जपून पायऱ्या उतरून गेले.